वेगाची उमेदवारी

मिरजेंत सतारी बनविणाऱ्यांच्या दुकानांत काम शिकावयास बसलेला मुलगा पहिलीं वर्षें भोपळा घांसण्यांत आणि लांकूड तासण्यांत घालवितो. उस्ताद शेजारींच बसलेला असतो. हात चुकला तर पंढरपूरकडून आलेला एक भोपळा वायां जातो, उस्तादाचे दोन कडक शब्द ऐकावे लागतात, आणि दुसरा भोपळा पुढें येतो. बहुतेक विद्यांची उमेदवारी अशीच असते. चूक करण्याची सोय हा त्या शिक्षणाचा निम्मा भाग होय. विमानविद्येंतहि पुष्कळ काळ हीच रीत चालली. शिकाऊ विमानाचा वेग बेताचा, आसनें दोन, आणि शिष्याचा हात चुकला तर दुसऱ्या आसनावरील गुरूचा हात तयार. अपघात तेव्हांहि होत. परंतु शिष्याच्या चुकीला दुरुस्त होण्यापुरता अवधि बहुधा मिळे. जेट इंजिन आलें, आणि हा अवधि एकाएकीं तुटपुंजा झाला. त्या काळांत जे तरुण गेले, त्यांतील फार मोठा भाग शत्रूच्या गोळीनें गेलेला नाहीं. तो शिकतां शिकतां गेला.

१९४८ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत व्हॅम्पायर जातीचीं तीन जेट विमानें भारतांत आलीं. हिंदी हवाई दलाच्या नांवामागें त्या वेळीं ‘रॉयल’ हें विशेषण अजून होतें. तें १९५० च्या जानेवारींत गळून पडलें. डी हॅविलंड कंपनीचें हें विमान प्रथम उडालें तें २० सप्टेंबर १९४३ रोजीं. त्याचें रूप मोठें चमत्कारिक होतें. मध्यभागीं एक लहानशी अंडाकृति पेटी, तिच्यांत पुढें वैमानिक व मागें इंजिन. आणि पंखांपासून मागें गेलेल्या दोन लांब दांड्यांच्या टोकांस आडवी जोडलेली शेपटी. ही मधली पेटी प्लायवुड आणि बाल्सा नांवाचें अतिशय हलकें लांकूड यांची केलेली असे. ताशीं ५०० मैलांहून अधिक वेगानें धांवणारें यंत्र, आणि त्याचें धड लांकडी, हें ऐकून मिरजेच्या कारागिरांसहि कौतुक वाटेल. पुढें हीं विमानें बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्यांत तयार होऊं लागलीं, आणि पुण्याजवळच्या लोहगांवच्या तळावर त्यांची घरघर रोजच्या परिचयाची झाली. हा तळ १९३९ मध्यें मुंबईच्या हवाई संरक्षणासाठीं उभारला गेला होता.

पंख्याच्या विमानावर हात बसलेल्या वैमानिकास या नव्या यंत्रांत काय अवघड वाटावें? बैठकींत बसल्यावर तर सारें सोपेंच वाटे. समोर फिरणारा पंखा नाहीं, त्यामुळें नजरेला अडथळा नाहीं. जुन्या इंजिनाची थरथर नाहीं. उडतेवेळीं विमान एका अंगास ओढलें जात नाहीं. कितीतरी वैमानिकांस पहिल्या उड्डाणांत हें विमान विलक्षण शांत व गुणी वाटलें. धोका होता तो या शांतपणाच्या पोटांतच. पंख्याच्या विमानांत थ्रॉटलची मूठ पुढें सारली कीं पंखा लागलीच जोरानें फिरतो, आणि त्याच्या वाऱ्याचा झोत पंखांवरून वाहूं लागल्यानें विमानास तत्काळ आधार मिळतो. उतरतांना उंची कमी पडली, तर मूठ पुढें लोटावी आणि सांवरून घ्यावें, हें त्या वैमानिकाच्या हातापायांत मुरलेलें असे. प्रारंभींच्या जेट इंजिनास मात्र मंद गतींतून पूर्ण गतींत येण्यास दहा ते पंधरा सेकंद लागत. जमिनीपासून दोनशें फुटांवर असलेल्या माणसास पंधरा सेकंद म्हणजे एक युगच! घाबरून मूठ झटक्यानें पुढें ढकलली, तर इंधनाचा अतिरेक होऊन आंतली ज्योत विझण्याची भीति. म्हणजे जी क्रिया पूर्वीं जीव वांचवीत असे, तीच आतां जीव घेऊं लागली. शिवाय खालच्या थरांतील दाट हवेंत हीं इंजिनें इंधन अशा अधाशीपणानें पीत, कीं ढगांत वाट चुकलेल्या वैमानिकास तळ शोधीत फिरण्याची चैन परवडत नसे.

दुसरा धोका त्याहून सूक्ष्म आहे, आणि तो यंत्रांत नसून मनुष्याच्या कानांत आहे. अंतःकर्णांतील जी इंद्रियें शरीराचा तोल सांगतात, त्यांना ‘मागें कललों आहों’ आणि ‘वेगानें पुढें ढकलला जात आहों’ यांतील भेद कळत नाहीं. दिवसां डोळे ही चूक दुरुस्त करतात. अंधाऱ्या रात्रीं, क्षितिज दिसत नसतां, जेट विमान धांवपट्टी सोडून झपाट्यानें वेग घेऊं लागलें, कीं वैमानिकास वाटतें कीं विमानाचें नाक फार वर गेलें आहे. तो तें खालीं दाबतो. खालीं जमीन असते. समोरच्या तबकड्या खरें तेंच सांगत असतात. पण अंगांत भिनलेल्या जाणिवेपेक्षां कांचेमागच्या कांट्यावर अधिक विश्वास ठेवावयाचा, ही गोष्ट सांगावयास सोपी असली तरी शिकण्यास फार वेळ लागतो.

आणि शिकवावयाचें कसें? व्हॅम्पायरमध्यें आसन एकच. शिक्षणासाठीं केलेलें दोन आसनांचें व्हॅम्पायर प्रथम आकाशांत गेलें तें १५ नोव्हेंबर १९५० रोजीं. म्हणजे भारतांत पहिलीं तीन विमानें उतरलीं तेव्हां तें जगांत कोठेंच नव्हतें. अशा स्थितींत शिक्षण होई तें असें : वैमानिकानें पुस्तिका वाचावी, डोळे मिटून सर्व कळा हातानें चांचपून ओळखाव्या, आधीं उडालेल्या सोबत्यानें पंखाजवळ उभें राहून चार गोष्टी सांगाव्या, आणि मग झांकण बंद करून त्यानें एकट्यानें जावें. पहिलाच धडा आणि तोच परीक्षेचा दिवस! बहुतेक जण सुखरूप परत आले, ही त्यांच्या तयारीची थोरवी म्हणावी लागेल.

अनुभवी मनुष्यासहि हें यंत्र क्षमा करीत नसे. रिचर्ड बाँग हा दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकेचा सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक. शत्रूचीं चाळीस विमानें त्याच्या नांवावर होतीं. प्रशांत महासागरावरील एवढ्या झुंजींतून तो वांचला, आणि ६ ऑगस्ट १९४५ रोजीं, कॅलिफोर्नियांत आपल्याच देशांत, नव्या पी-८० जेट विमानाचें परीक्षण करतांना उड्डाणानंतर थोड्याच वेळांत मरण पावला. इंधनाचा मुख्य पंप बंद पडला होता. दुसरा पंप होता, पण तो चालू केलेला नव्हता. त्याच दिवशीं हिरोशिमावर अणुबाँब पडला. ब्रिटनमध्यें जेफ्री डी हॅविलंड या धाकट्या डी हॅविलंडनें व्हॅम्पायरचें पहिलें उड्डाण केलें होतें; तोहि २७ सप्टेंबर १९४६ रोजीं एका नव्या, शेपटीविरहित जेट विमानासह टेम्सच्या मुखावर नाश पावला. निष्णातांची ही गत, तेथें विशी-बाविशींतल्या उमेदवारांची काय कथा!

ती कथा ब्रिटिश हवाई दलाच्या मीटिऑर विमानाइतकी स्पष्टपणें दुसऱ्या कोठेंहि वाचावयास मिळत नाहीं. मीटिऑर हें १९४४ च्या जुलैमध्यें सेवेंत आलें. सेवाकाळांत सुमारें ८९० मीटिऑर नष्ट झालीं व सुमारें ४५० वैमानिक मृत्युमुखीं पडले. केवळ १९५३ या एका वर्षांत १४५ विमानें गेलीं. तेव्हां ब्रिटनवर कोणी चालून आलें नव्हतें. घाई होती ती कोरियाच्या युद्धामुळें वाढविलेल्या दलास लागणारे वैमानिक भराभर तयार करण्याची.

या विमानाचीं दोन इंजिनें दोन्ही पंखांत, मध्यापासून बरींच दूर बसविलेलीं होतीं. एक बंद पडलें तर दुसऱ्याचा जोर विमानास फिरवूं पाहतो, आणि शेपटीवरील सुकाणूवर पायाचा सारा भार देऊन तें सरळ ठेवावें लागतें. सुकाणूस बळ येतें तें वाहत्या हवेपासून. वेग एका मर्यादेखालीं गेला कीं पायांत कितीहि शक्ति असो, सुकाणू पुरें पडत नाहीं. विमान मेलेल्या इंजिनाच्या अंगावर लोळण घेतें. म्हणून प्रत्येक उमेदवाराकडून एका इंजिनावर उतरण्याचा सराव करून घेतला जाई. हेतु सर्वथा योग्य होता. परंतु उमेदवार उतरतां उतरतां चुके, वेग मर्यादेखालीं गेलेला असे, आणि आतां पुन्हां वर जावें म्हणून तो चालू इंजिनास पूर्ण जोर देई. तेथेंच खेळ संपे. खऱ्याखुऱ्या इंजिनबिघाडांत जितके वैमानिक गेले, त्यांहून अधिक त्या बिघाडाचा सराव करतांना गेले. पुढें कॅनबेरा या दोन इंजिनांच्या बाँबर विमानाच्या शिक्षणांतहि हाच अनुभव आला. रोगापेक्षां लशीनेंच अधिक रोगी दगावावे, तशांतला हा प्रकार. तरीहि सराव सोडून देतां येत नव्हता, कारण इंजिनें खरोखरच बंद पडत. हळूहळू नियम सुधारले, आणि ठराविक उंचीखालीं आल्यावर परत वर जाण्याचा विचार करावयाचा नाहीं, हें उमेदवाराच्या मनावर ठसविण्यांत आलें. हे नियम साधे दिसतात. त्यांतील एकेका ओळीमागें कोणाचें तरी घर उजाड झालेलें आहे.

मीटिऑरची दोन आसनांची आवृत्ति १९४८ मध्यें निघाली, आणि आतां गुरु शिष्याबरोबर बसूं लागला. पण तेथें आणखी एक विपरीत गोष्ट घडूं लागली. धांवपट्टीभोंवतीं फेरी घेत असतां, वेग कमी करणाऱ्या झडपा उघड्या ठेवून कोणी चाकें खालीं सोडलीं, तर चाकें एकाच क्षणीं खालीं येत नसत. विमान किंचित् आडवें होई, झडपांनीं ढवळलेली हवा शेपटीवर जाई, आणि विमान अचानक नाक खालीं करून कोसळे. हजार फुटांवरून सांवरण्यास जागा उरत नसे, आणि मग एकाऐवजीं दोघे जात. वैमानिकांनीं या प्रकारास ‘भुताटकीची बुडी’ अशा अर्थाचें नांव दिलें. उपाय होता तो एका वाक्याचा : चाकें सोडण्यापूर्वीं झडपा मिटा. तें वाक्य सर्वांना पाठ झाल्यावरहि, १९८८ च्या मे महिन्यांत, इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथील प्रदर्शनांत याच जातीचें एक जुनें जतन केलेलें विमान प्रेक्षकांच्या देखत पडलें व वैमानिक ठार झाला. संशय याच बुडीवर गेला.

चूक झाल्यावर बाहेर कसें पडावें, हा पुढचा प्रश्न. पंख्याच्या विमानांतून झांकण सारून, विमान उलटें करून, हवाई छत्रीसह उडी घेतां येत असे. जेटच्या वेगांत वाऱ्याचा मारा माणसास बैठकींतून उठूं देत नाहीं, आणि उठलाच तर मागची शेपटी त्याची वाट पाहत असते. व्हॅम्पायरमध्यें तर ती दोन दांड्यांच्या मध्यें बरोबर पाठीमागें आडवी बसविलेली. जेम्स मार्टिन या कारखानदाराचा भागीदार व मित्र व्हॅलेंटाइन बेकर १९४२ मध्यें परीक्षण-उड्डाणांत मरण पावला, तेव्हांपासून वैमानिकांचा जीव वांचविण्याच्या विचारानें मार्टिनला पछाडलें. स्फोटाच्या बळानें वैमानिकास खुर्चीसकट बाहेर भिरकावणारी योजना त्यानें सिद्ध केली. २४ जुलै १९४६ रोजीं त्याच्या कारखान्यांतील बर्नार्ड लिंच हा उडत्या मीटिऑरमधून अशा खुर्चीवर स्वखुषीनें बाहेर फेकला गेला. ३० मे १९४९ रोजीं जो लँकेस्टर या परीक्षण-वैमानिकाचा जीव तिनें खरोखर वांचविला. असें असूनहि दोन आसनांच्या मीटिऑरला ती खुर्ची मिळाली नाहीं. ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज, ते उमेदवारच तिच्याविना राहिले. जागेची अडचण, वजनाची अडचण, खर्चाची अडचण, अशीं कारणें दाखवितां येतात, आणि तीं खोटीं नाहींत. परंतु अडचणींची वांटणी करतांना शिकाऊ मनुष्य नेहमीं रांगेच्या शेवटीं उभा केला जातो, हेंहि तितकेंच खरें.

अपघातानंतर चौकशी होते, आणि चौकशीच्या अखेरीस बहुधा ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द येतात. त्यांत असत्य असें कांहीं नसतें. मूठ उशिरां सारली ती वैमानिकानेंच, झडपा उघड्या राहिल्या त्या त्याच्याच हातून. परंतु एकच चूक एकाच ठिकाणीं वीस निरनिराळ्या माणसांच्या हातून होते, तेव्हां ती त्या वीस माणसांची राहत नाहीं. ती यंत्राची व शिक्षणाची होते. मीटिऑरच्या अपघातांकडे या दृष्टीनें पाहिलें गेलें तेव्हांच नियम बदलले. नाहींतर त्या दोन शब्दांनीं फायलीवर लाल फीत बांधली जाते, आणि पुढचा उमेदवार त्याच बैठकींत जाऊन बसतो.

भारतांत व्हॅम्पायर जुनें झालें, तूफानी, मिस्टिअर व हंटर आलीं, आणि व्हॅम्पायर मुख्यतः शिक्षणाच्या कामीं उरलें. तें निवृत्त होण्याच्या वाटेवर असतांनाच १९६५ चें युद्ध पेटलें. लोहगांवची ४५ क्रमांकाची तुकडी पठाणकोटला गेली, आणि १ सप्टेंबर रोजीं सायंकाळीं छांबच्या रणांगणावर या विमानांस पाकिस्तानच्या सेबर विमानांशीं गांठ घालावी लागली. चार व्हॅम्पायर पडलीं. फ्लाइट लेफ्टनंट भागवत, जोशी व भारद्वाज हे कामास आले, फ्लाइट लेफ्टनंट पाठक हवाई छत्रीनें वांचले. ही हानि शिक्षणांतली नव्हे. पण शिकण्याच्या योग्यतेचें राहिलेलें विमान लढावयास नेलें म्हणजे काय होतें, तें त्या संध्याकाळीं दिसलें.

पुढें याच्या उलट प्रकार झाला, आणि तो अधिक वर्षें चालला. लढण्याच्या योग्यतेचें विमान शिकण्यासाठीं वापरावें लागलें. मिग-२१ हें विमान १९६३ मध्यें भारतांत आलें, आणि नाशिकजवळ ओझर येथें त्याचा कारखाना उभा राहिला. ध्वनीच्या दुप्पट वेगाचें हें यंत्र जमिनीवर उतरतांनाहि ताशीं ३०० किलोमीटरांहून अधिक वेगांत असे. उमेदवार किरणसारख्या सौम्य जेट विमानावर प्राथमिक धडे घेऊन येत. मधली पायरी कांहीं काळ जुन्या हंटर व इस्क्रा विमानांनीं कशीबशी सांभाळली. पुढें तीहि ढांसळली, आणि कित्येक तरुणांस या शेवटच्या पायरीवर जवळजवळ उडीच मारावी लागली. मिग-२१ चीं दोन आसनांचीं विमानें होतीं, परंतु तींहि मिगच. वेग तोच, उतार तोच. एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीनें १९८२ मध्यें, प्रगत शिक्षणासाठीं स्वतंत्र जेट विमान हवें, असें स्पष्ट सांगितलें. त्या विमानाच्या खरेदीचा करार झाला तो २००४ च्या मार्चमध्यें. मधलीं बावीस वर्षें निवड, बोलणीं आणि पत्रव्यवहार यांत गेलीं. संरक्षणमंत्र्यांनीं २०१२ मध्यें राज्यसभेंत दिलेल्या माहितीप्रमाणें दलांत आलेल्या ८७२ मिग विमानांपैकीं ४८२ अपघातांत नष्ट झालीं होतीं व १७१ वैमानिक मृत्यु पावले होते. हे आंकडे सर्व प्रकारच्या मिग विमानांचे व सर्व वर्षांचे आहेत, आणि प्रत्येक अपघात शिक्षणाच्या उणिवेनें झाला असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्या बावीस वर्षांचा हिशेब त्यांतून वगळतांहि येणार नाहीं.

त्या हिशेबांतलें एक नांव महाराष्ट्रांत पुष्कळांस आठवत असेल. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हे १७ सप्टेंबर २००१ रोजीं रात्रीं राजस्थानांतील सुरतगड तळावरून मिग-२१ घेऊन उडाले, आणि उड्डाणानंतर लागलीच विमान कोसळून मरण पावले. ठपका वैमानिकावर आला. रात्रीच्या उड्डाणाच्या आरंभीं होणारा भ्रम वर सांगितलाच आहे. त्या रात्रीं विमानांत नेमकें काय घडलें, हें सांगणारा मात्र परत आला नाहीं. त्यांच्या आईवडिलांनीं, कविता व अनिल गाडगीळ यांनीं, तो ठपका स्वीकारला नाहीं. शोकाकुल आईनें घरांत बसून रडावें आणि सैन्याच्या कारभाराविषयीं बोलूं नये, अशी आपल्याकडील रीत; कविताबाईंनीं ती मोडली. त्यांनीं मुलाच्या नांवें विमानसुरक्षेसाठीं संस्था काढली, वर्तमानपत्रांत लिहिलें, सभांतून विचारलें, कीं मुलांच्या हातीं हीं विमानें कोणत्या तयारीवर दिलीं जातात. त्यांच्या बोलण्यानें दलांतील कांहीं मंडळी दुखावलीं. वैमानिकांच्या मनोधैर्यावर याचा परिणाम होतो, असेंहि म्हटलें गेलें. त्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. तथापि बावीस वर्षें एका समितीच्या अहवालानें जें झालें नाहीं, त्याविषयीं घरोघरीं बोलणें सुरू झालें तें या आईमुळें व तिच्यासारख्या इतर घरांमुळें.

कराराप्रमाणें ६६ हॉक विमानें यावयाचीं ठरलीं. त्यांतील पहिलीं मराठवाड्याच्या सीमेलगतच्या बिदर येथें २००७ च्या अखेरीस येऊं लागलीं, आणि २००८ च्या फेब्रुवारींत तीं विधिपूर्वक दलांत दाखल झालीं. हॉकमध्यें शिष्य पुढें बसतो आणि गुरु त्याच्या मागें, किंचित् उंचावर, अशा बेतानें कीं शिष्याच्या डोक्यावरून त्यालाहि धांवपट्टी दिसावी. दोन्ही खुर्च्या मार्टिनच्या कारखान्याच्या आहेत, आणि विमान जमिनीवर उभें असतांनाहि त्या माणसास सुखरूप वर फेकूं शकतात. शेवटचें मिग-२१ चंदीगड येथें २६ सप्टेंबर २०२५ रोजीं निवृत्त करण्यांत आलें. तोंवर बिदरच्या धांवपट्टीवर हॉकच्या उमेदवारांच्या तुकड्यांमागून तुकड्या शिकून बाहेर पडल्या होत्या.